एका तबकडीवरचे दोन कलावंत

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या धर्मग्रामात एक लहानसा वाद उभा राहिला. रविवारच्या मिस्साला पेटी वाजविणारा तरुण नोकरीनिमित्त मुंबईस गेला आणि गायनवृंद पोरका झाला. वृंदातील उत्साही मुलांनी तोडगा सुचविला. मोबाइलवर उत्तम ध्वनिमुद्रित भक्तिगीते मिळतात, ती ध्वनिक्षेपकावरून लावावीत; सूर चुकायची भीती नाही, ताल ढळायची भीती नाही. त्यावर, गेली कित्येक वर्षे खुरसाकडच्या लदिनीत पहिला सूर धरणाऱ्या एका वृद्ध मावशी एवढेच म्हणाल्या, "तर मगे आमी कित्याक येवचा, फादर?"

उत्तर देण्यापूर्वी आम्ही थोडा अवधी मागून घेतला. प्रश्न उपासनेचा होता तसाच तो संगीताचाही होता. मुद्रित केलेले गाणे हे खऱ्या गाण्याची पडछाया असते, की ती स्वतंत्र आणि स्वयंपूर्ण अशी कलाकृती असते? या प्रश्नाचा निकाल ज्यांनी आपल्या आयुष्याने दिला, अशा दोन कलावंतांकडे आम्ही वळलो. त्यांतील एक आमच्या शेजारच्या गोव्यातील, दुसरा पार कॅनडातील. एक गायिका, दुसरा पियानोवादक. दोघांची कधी गाठ पडली नाही; पण आज दोघांचेही संगीत एकाच तबकडीवर आहे, आणि ती तबकडी पृथ्वीपासून इतकी दूर गेली आहे की मानवाच्या हातची फारच थोडी वस्तू तिच्या मागोमाग आहे.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. एक २० ऑगस्टला, दुसरे ५ सप्टेंबरला. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक ध्वनिमुद्रिका बसविलेली आहे. शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीने तिच्यासाठी निवड केली. तीत ५५ भाषांतील अभिवादने आहेत, त्यांत आपल्या मराठीलाही स्थान आहे. वारा, पाऊस आणि समुद्राच्या लाटा यांचे आवाज आहेत. आणि सुमारे ९० मिनिटांचे जगभरचे संगीत आहे. या संगीतात भारताच्या वाट्याला एकच रचना आली. ती आहे सुरश्री केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी, 'जात कहाँ हो', अवघी साडेतीन मिनिटांची. त्याच तबकडीवर योहान सेबास्टियन बाख यांचा एक प्रिल्यूड व फ्यूग आहे. पियानोवर ग्लेन गूल्ड. त्याचा अवधी पाच मिनिटांहूनही कमी आहे. या दोन कलावंतांच्या ध्वनिमुद्रणांचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

केसरबाईंचा जन्म १८९२ साली गोव्यातील केरी या गावी झाला. कलावंत घराण्यातील मुलींना त्या काळी गाणे वारशाने मिळे, पण विद्या मिळेच असे नाही. ती मिळविण्यासाठी केसरबाईंना लहानपणापासून गावोगाव जावे लागले. वयाच्या आठव्या वर्षी कोल्हापुरास अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने शिक्षण झाले. गोव्यास परतल्यावर त्या रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिकल्या. हे वझेबुवा आपल्या सावंतवाडी संस्थानातले. केसरबाईंच्या जडणघडणीत आपल्या मातीचाही वाटा आहे, याची आठवण आमच्या वाचकांनी ठेवावी. पुढे मुंबईस आल्यावर भास्करबुवा बखले आदींकडे शिक्षण झाले, आणि १९२१ पासून जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू अल्लादिया खाँ यांची कठोर तालीम सुरू झाली. ती दशकभराहून अधिक काळ चालली. म्हणजे एकोणतिसाव्या वर्षी, इतर गायिका नाव कमावून बसतात त्या वयात, या बाई पुन्हा षड्जापासून शिकावयास बसल्या. पुढे 'सुरश्री' ही पदवी, १९६९ मध्ये पद्मभूषण आणि महाराष्ट्राची राज्यगायिका हा मान त्यांना लाभला.

जयपूर घराण्याच्या गायकीचे मर्म बैठकीत आहे. दोन किंवा तीन रागांचा संगम साधणारे अनवट राग, विलंबित लयीत एकेक स्वर उलगडत जाणारी बढत, मोकळा आकार, आणि तालाच्या अंगाने वळत वळत नेमकी समेवर येणारी तान. यासाठी वेळ लागतो. तास-दीड तास लागतो, समोर जाणता श्रोता लागतो आणि दोघांमध्ये पसरणारी एक शांतता लागते. केसरबाई आपल्या श्रोत्यांकडून पूर्ण लक्ष मागून घेत. त्यांच्या बैठकीतील दराऱ्याच्या आठवणी जुने रसिक अजून सांगतात.

आता ध्वनिमुद्रिकेचे यंत्र पाहा. भारतात पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास झाली आणि त्यांतील गौहर जान यांच्या तबकड्यांनी या नव्या कलेचा पाया घातला. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. गौहर जान यांनी हे बंधन ओळखले आणि तेवढ्या अवकाशात आरंभ, विस्तार व शेवट असलेले एक आटोपशीर गाणे घडविले. शेवटी आपले नाव सांगून मोकळ्या होण्याइतका वेळही त्या राखून ठेवीत.

केसरबाईंनी एचएमव्ही व ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी तबकड्या केल्या. त्यांच्या योग्यतेच्या मानाने ही संख्या थोडीच म्हणावी लागेल. ललिता-गौरी, नट-कामोद, कुकुभ बिलावल, मालकंस, मारू बिहाग, गौड मल्हार असे राग त्यांनी या तीन-तीन मिनिटांत बांधले आहेत. या तबकड्या आम्ही पुन्हा पुन्हा ऐकल्या. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्या थोड्या कोरड्या वाटतील, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. कानाला गोंजारणारे त्यांत काही नाही. आवाज भारदस्त, खालच्या पट्टीकडे झुकणारा. मुरकी-हरकतींची आरास नाही. शब्दांवर हळवेपणाने रेंगाळणे नाही. जे आहे ते एवढेच: चीज सरळ समोर येते, आकार उघडतो आणि तान सुरू झाली की श्वास कोठे घेतला हे कळत नाही.

पण तिसऱ्या-चौथ्या वेळी आमच्या ध्यानी एक गोष्ट आली. वेळ कमी आहे म्हणून केसरबाई घाई करीत नाहीत. लय मध्य असेल, द्रुत असेल. पण रागाचा कोणताही अवयव कापून फेकलेला नाही. ललिता-गौरीसारखा अवघड जोडराग घ्यावा. दोन रागांच्या सीमारेषेवर गायिका क्षणभर उभी राहते, एका बाजूची चाहूल देते आणि दुसऱ्या बाजूने परत येते. बैठकीत याच जागेसाठी त्यांना अर्धा तास मिळाला असता. येथे काही सेकंद आहेत, तरी ती जागा आहे आणि ती स्पष्ट आहे. मोठ्या घराचा नकाशा पोस्टकार्डावर काढावा आणि त्यात एकही खोली चुकू नये, तसे हे काम आहे.

तथापि नकाशा म्हणजे घर नव्हे. या तबकड्यांत विलंबित ख्याल नाही. ज्या संथ बढतीसाठी त्यांनी तिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा शिष्यत्व पत्करले, ती बढत या मुद्रणांत ऐकावयास मिळत नाही. काही बैठकींची खासगी मुद्रणे रसिकांनी जपली म्हणून त्या भव्यतेची थोडी कल्पना आज येऊ शकते. पण कंपनीच्या दालनात, निवांतपणे, उत्तम यंत्रावर एखादा राग तासभर गाऊन ठेवावा, असे घडले नाही. १९६३-६४ च्या सुमारास केसरबाईंनी जाहीर गाणे थांबविले. तोवर दीर्घवादन तबकड्या येऊन पंधराएक वर्षे झाली होती. समोरच्या श्रोत्याविना गायन ही त्यांच्या लेखी अपुरी गोष्ट असावी, असा आमचा तर्क आहे. आणि तो तर्क त्यांच्या तबकड्या ऐकूनच आम्ही करतो. त्यांत कसब सगळे आहे, पण कोणाशी तरी बोलत असल्याचा भाव क्वचितच जाणवतो.

जवळजवळ त्याच वेळी, १० एप्रिल १९६४ रोजी, लॉस एंजेलिस येथे ग्लेन गूल्ड यांनी आपली शेवटची जाहीर मैफल केली. तेव्हा त्यांचे वय होते ३१. गळा उतरलेला नव्हता, बोटे थकलेली नव्हती, कीर्ती शिखरावर होती. केसरबाईंनी रंगमंच सोडला आणि त्या मौनात गेल्या. गूल्ड यांनी रंगमंच सोडला आणि ते ध्वनिमुद्रणाच्या दालनात गेले. पुढची १८ वर्षे, मृत्यूपर्यंत, ते केवळ यंत्रासमोर वाजवीत राहिले.

गूल्ड यांचा जन्म टोरोंटोचा, १९३२ चा. १९५५ च्या जानेवारीत त्यांनी न्यूयॉर्कमध्ये पहिली मैफल केली आणि लगेच कोलंबिया कंपनीने त्यांच्याशी करार केला. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी बाख यांचे 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' मुद्रित केले. एक संथ सुरावट, तिच्यावर रचलेली ३० रूपांतरे आणि शेवटी पुन्हा तीच सुरावट, अशी ही रचना आहे. ज्या दालनात हे मुद्रण झाले ते न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील एक जुने ख्रिस्तमंदिर होते. कंपनीने त्याचे ध्वनिमुद्रणगृह केले होते. वडिलांनी करून दिलेली, जमिनीपासून जेमतेम १४ इंच उंचीची खुर्ची घेऊन हा तरुण तेथे आला. वाजविताना तो गुणगुणत असे आणि ते गुणगुणणे तबकडीतही उतरले.

आम्ही गुरुविद्यालयात शिकत असताना, १९९० नंतरच्या काही वर्षांत, आमच्या एका वयस्क प्राध्यापक धर्मगुरूंनी या वादनाची कॅसेट आम्हांला ऐकविली होती. तेव्हा आम्हांस ते गुणगुणणे हा कॅसेटचा दोष वाटला. पुष्कळ वर्षांनी कळले की या वादकाचा श्रोता तो स्वतःच होता, आणि ती गुणगुण ही त्या श्रोत्याची दाद होती.

मैफलीविषयी गूल्ड यांचे मत कठोर होते. हजारो लोकांपुढे एकदाच वाजवावयाचे, चूक झाली तर ती मागे घेता येत नाही; म्हणून वादक धोका टाळतो आणि टाळ्या मिळतील असे वाजवितो, असे ते म्हणत. टाळ्यांवर बंदी घालावी, असा लेखच त्यांनी १९६२ साली लिहिला. पुढे १९६६ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या भवितव्यावर त्यांनी एक दीर्घ निबंध लिहिला. त्यातील एक उदाहरण ध्यानात घेण्यासारखे आहे. बाख यांच्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर' या संग्रहाच्या पहिल्या भागातील एक फ्यूग ते मुद्रित करीत होते. फ्यूग म्हणजे एकच सुरावट निरनिराळ्या आवाजांनी एकामागून एक उचलावयाची आणि ती एकमेकींत गुंफत न्यावयाची, अशी रचना. आठ वेळा वाजवून झाले. सहावी आणि आठवी खेप निर्दोष होती. एक गंभीर व जोडून वाजविलेली, दुसरी हलकी व तुटक. काही आठवड्यांनी ऐकताना ध्यानात आले की दोन्ही आपापल्या जागी कंटाळवाण्या आहेत. तेव्हा आरंभ आणि शेवट सहाव्या खेपेतून घ्यावा, मधला भाग आठवीतून घ्यावा आणि फीत कापून जोडावी, असे ठरले. जे वादन सलग असे कधी झालेच नाही, ते तबकडीवर सर्वोत्तम ठरले.

ही फसवणूक आहे काय? प्रथमदर्शनी आम्हांला तसे वाटले. बैठकीतल्या गायकाने आपली फसलेली तान पुसून टाकावी तसे हे झाले. पण थोड्या विचाराअंती आमचे मत पालटले. संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी सांगतात की आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेतला आणि मग त्या अनुक्रमाने लिहिल्या. घटना घडत असताना त्या जशा कानांवर पडल्या तशाच्या तशा त्यांनी उतरवून ठेवल्या नाहीत. निवड केली, मांडणी केली; आणि म्हणून ते लेखन खोटे ठरत नाही. गूल्ड यांच्या फितीकडे आम्ही तसे पाहतो. वादक येथे ग्रंथकार झाला आहे. अट एकच, की त्याने 'हे मी एका दमात वाजविले' असा आव आणू नये. गूल्ड यांनी तो आणला नाही. कात्री कोठे चालविली हे त्यांनीच जगाला सांगितले.

त्यांच्या कारकिर्दीचा मुकुटमणी मात्र वेगळा आहे. १९८१ मध्ये, एप्रिल-मेच्या दिवसांत, ते पुन्हा त्याच तिसाव्या रस्त्यावरच्या दालनात गेले आणि तीच गोल्डबर्ग रचना त्यांनी दुसऱ्यांदा मुद्रित केली. पहिले मुद्रण सुमारे साडेअडतीस मिनिटांचे. दुसरे एक्कावन्न मिनिटांचे. काही पुनरावृत्ती दुसऱ्या खेपेस घेतल्या हे खरे. पण फरक केवळ तेवढा नाही. आरंभीची सुरावट १९५५ मध्ये दोन मिनिटांच्या आत संपते, १९८१ मध्ये ती तीन मिनिटांहून अधिक वेळ घेते. पहिल्या मुद्रणात २२ वर्षांचा तरुण धावतो. त्याची बोटे इतकी स्वच्छ चालतात की ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. दुसऱ्यात पन्नाशीकडे झुकलेला माणूस प्रत्येक स्वर आधी हातात घेऊन पाहतो आणि मग खाली ठेवतो. रूपांतरांच्या गती एकमेकींशी नात्याने बांधल्यामुळे सगळी रचना एकाच नाडीवर चालल्यासारखी वाटते. पहिल्या मुद्रणातील वृत्तीशी आपले नाते उरले नाही, असे ते स्वतः सांगत. १९८२ मध्ये हे दुसरे मुद्रण प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, पन्नासावा वाढदिवस होऊन अवघे नऊ दिवस झाले असताना, गूल्ड यांचे निधन झाले.

आमच्या वाचकांपैकी ज्यांना पाश्चात्त्य संगीताचा सराव नाही त्यांनी सगळी रचना एकदम ऐकू नये. दोन्ही मुद्रणांतील केवळ पहिली सुरावट एकामागून एक ऐकावी. सुरावट तीच, माणूस तोच. मध्ये सव्वीस वर्षे. एका माणसाचे वय कसे वाढते हे इतक्या थोड्या वेळात सांगणारे दुसरे काही आमच्या ऐकण्यात नाही.

आता दोघांची तुलना. वरवर पाहता केसरबाई आणि गूल्ड ही दोन टोके आहेत. एकीच्या दृष्टीने श्रोता नसेल तर गाणे अपुरे. दुसऱ्याच्या दृष्टीने श्रोता असेल तर वादन बिघडते. पण दोघांत एक साम्य आहे आणि आमच्या मते तेच महत्त्वाचे आहे. श्रोत्याला कमी प्रतीचे काही द्यावयाचे नाही, हा दोघांचा निर्धार. केसरबाईंनी तो थोडे मुद्रित करून पाळला. गूल्ड यांनी आठ वेळा वाजवून आणि कापून जोडून पाळला. तीन मिनिटे मिळाली म्हणून केसरबाईंनी राग स्वस्त केला नाही. हवे तितके तास मिळाले म्हणून गूल्ड यांनी स्वतःला सूट दिली नाही.

दोघांच्या भूमिकेत उणिवाही आहेत आणि त्या सांगितल्या पाहिजेत. गूल्ड यांचे भाकीत असे होते की घरोघरी उत्तम यंत्रे आली म्हणजे श्रोता जागा होईल. बटणे फिरवून, मुद्रणांची आपल्या मनाजोगती जुळणी करून तो जवळजवळ सहकलावंत बनेल. यंत्रे आली, आज ती प्रत्येकाच्या खिशात आहेत. पण श्रोता जागा झाला असे आम्हांला दिसत नाही. स्वयंपाक करताना, बसमधून जाताना, दुसरे काही बोलत असताना गाणे मागे वाजत राहते. ज्या वादकाने एका फ्यूगसाठी आठ खेपा केल्या, त्याला आपण अर्ध्या कानाने ऐकतो. मैफलीत निदान गप्प बसण्याची शिस्त तरी होती. ती शिस्त गूल्ड यांना तुच्छ वाटली. तिची किंमत त्यांनी कमी लेखली, असे आमचे नम्र मत आहे.

केसरबाईंची उणीव याहून दुःखद आहे. विद्या देण्याच्या बाबतीत त्यांचा हात आखडता होता, हे सर्वश्रुत आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी धोंडूताई कुलकर्णी यांना तालीम दिली. धोंडूताईंनी ती निष्ठेने सांभाळली. २०१४ साली त्यांचेही निधन झाले. म्हणजे जी विद्या मुखातून कानात जावयाची, तिची वाट अगदी अरुंद राहिली, आणि तबकड्याही थोड्या. एका बाजूस यंत्रावर विश्वास कमी, दुसऱ्या बाजूस शिष्य कमी. अशा वेळी तीन मिनिटांच्या त्या तबकड्यांवर एवढ्या मोठ्या गायिकेचा भार येऊन पडतो, आणि तो त्यांना पेलत नाही. आज केसरबाईंचे नाव घेतले की सामान्य माणसाला अवकाशयानावरची भैरवी आठवते. भैरवी ही तर बैठकीची अखेर. श्रोत्यांना निरोप देताना जी गावयाची, तेवढीच बहुतेकांपर्यंत पोहोचली; तिच्या आधीची रात्र पोहोचली नाही. दुसरे यान सुटले त्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंनी जगाचा निरोप घेतला.

तेव्हा मुद्रित गाणे कशासाठी, या मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या मते ते दोन कामांसाठी आहे. एक, गूल्ड यांनी दाखविल्याप्रमाणे, ती एक स्वतंत्र रचना असू शकते. तशी असेल तर ती ग्रंथाप्रमाणे, हातातले काम ठेवून, बसून ऐकावी. दुसरे काम आठवण ठेवण्याचे आणि शिकविण्याचे. केसरबाईंच्या तबकड्यांवरून आजही एखादी विद्यार्थिनी नट-कामोदाची वाट समजून घेऊ शकते, जरी त्या वाटेने चालावयास तिला गुरूच लागेल. एक काम मात्र तबकडी करू शकत नाही. आपल्या ऐवजी ती गाऊ शकत नाही.

हे सांगणारे आम्ही पहिले नव्हे. पोप बारावे पायस यांच्या अखेरच्या दिवसांत, ३ सप्टेंबर १९५८ रोजी, रोमच्या विधिविषयक मंडळाने पवित्र संगीतासंबंधी एक सूचनापत्र काढले. त्यात ग्रामोफोन, रेडिओ, ध्वनिफीत अशा यंत्रांवरचे संगीत उपासनाविधीत वापरण्यास स्पष्ट मनाई केली आहे. आमचे काही तरुण मित्र याला जुनाटपणा म्हणतील. पण त्याच सूचनापत्रात पुढे असेही म्हटले आहे की श्रद्धावंतांना गायन शिकविण्यासाठी ही यंत्रे खुशाल वापरावीत, आणि मंदिराबाहेरच्या मिरवणुकीत लोकांच्या गाण्याला आधार म्हणूनही वापरावीत. यंत्राचा द्वेष त्यात नाही. यंत्राला शिक्षकाच्या जागी बसविले आहे, भक्ताच्या जागी बसविलेले नाही. केसरबाई आणि गूल्ड यांना ऐकून झाल्यावर आम्हांला ही विभागणी पूर्वीपेक्षा अधिक शहाणपणाची वाटली.

त्याप्रमाणे आम्ही आमच्या धर्मग्रामात ठरविले. शनिवारी संध्याकाळी मुले मोबाइल आणतात आणि येत्या रविवारचे गीत तीन वेळा ऐकवितात. त्या वेळी कोणी बोलावयाचे नाही. मग मोबाइल बंद होतो आणि सगळे गातात. पहिल्या रविवारी गीत फार वरच्या पट्टीत उचलले गेले. दुसऱ्या कडव्याला पुरुषमंडळी गळाली आणि मागच्या बाकांवरून कोणी तरी हसल्याचेही ऐकू आले. तेव्हा त्या मावशींनी कडवे संपू दिले, पट्टी खाली घेतली आणि ध्रुपद पुन्हा धरले. सगळे त्यांच्या मागून आले. मिस्सा संपल्यावर, मोबाइलची कल्पना ज्याने प्रथम मांडली होती तो मुलगा त्यांच्याजवळ गेला आणि पट्टी कशी ओळखायची ते विचारू लागला. गेले दोन महिने तो शनिवारी अर्धा तास लवकर येतो.